वृक्षाकार नोंदी आणि संगणक
ठाणे जिल्ह्याच्या विभाजनावरून एक पाठ

१. प्रश्नाचे स्वरूप

ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या किती? प्रश्न वरवर पाहता सोपा आहे. २०११ च्या जनगणनेचे कोष्टक उघडावे, आकडा पाहावा आणि उत्तर द्यावे : १,१०,६०,१४८. त्या जनगणनेत भारतातील सर्वांत मोठ्या लोकसंख्येचा जिल्हा म्हणून ठाण्याचीच नोंद झाली होती. परंतु १ ऑगस्ट २०१४ रोजी या जिल्ह्याचे विभाजन झाले आणि त्यातील आठ तालुके मिळून पालघर हा नवा जिल्हा अस्तित्वात आला. तेव्हा आज ‘ठाणे जिल्हा’ हे नाव घेऊन जुन्या कोष्टकातील आकडा उचलणारा अभ्यासक जवळजवळ तीस लाख माणसे चुकीच्या जिल्ह्यात मोजतो. आणि पालघर शोधू जाणाऱ्यास त्या कोष्टकात जिल्हा म्हणून ते नावच आढळत नाही.

येथे नेमके काय बदलले याचा विचार करावा. माणसे हलली नाहीत, घरे हलली नाहीत, मोजणीही बदलली नाही. बदलला तो एकच संबंध : कोणता तालुका कोणत्या जिल्ह्यात मोडतो. शाळा, दवाखाने, पाणीपुरवठा यांच्या योजना आखताना असे आकडे आधाराला घेतले जातात. म्हणून संबंध बदलला असता मूळ नोंदी अबाधित राहाव्यात आणि त्यांवरून काढलेल्या बेरजा मात्र आपोआप बदलाव्यात, अशी रचना आपणास हवी. संगणकशास्त्रात अशा रचनेस ‘वृक्ष’ म्हणतात. प्रस्तुत पाठात या वृक्षाची ओळख करून घेऊन, जावास्क्रिप्ट या संगणक-भाषेतील एका लहानशा साधनाच्या साहाय्याने ठाण्याचे विभाजन पायरीपायरीने करून पाहू.

२. वृक्ष म्हणजे काय?

गणितात ‘वृक्ष’ हा शब्द या अर्थाने इंग्रज गणितज्ञ आर्थर केली याने १८५७ साली आपल्या निबंधात योजला. संगणकातील वृक्ष त्याच कुळातला. त्याचे घटक पुढीलप्रमाणे आहेत.

वृक्ष हा गाठींचा बनलेला असतो. या गाठीस संगणकाच्या व्यवहारात ‘नोड’ म्हणतात. सर्वांच्या वर एक गाठ असते, ती ‘मूळ’. झाडाचे मूळ जमिनीखाली असते, संगणकातील वृक्षाचे मूळ मात्र कागदावर सर्वांत वर काढण्याची रीत आहे. एका गाठीखाली ज्या गाठी जोडलेल्या असतात त्या तिची ‘अपत्ये’, आणि ती गाठ त्यांचा ‘जनक’. जिला अपत्य नाही ती गाठ म्हणजे ‘पान’. कोणतीही गाठ आणि तिच्याखालचा सर्व विस्तार मिळून एक ‘फांदी’ होते, आणि ही फांदी स्वतःच एक लहान वृक्ष असते.

या रचनेस वृक्षपण देणारा नियम एकच आहे : मुळावाचून प्रत्येक गाठीस जनक असतो, आणि तो एकच असतो. यावरून एक उपयुक्त निष्कर्ष निघतो. प्रत्येक जनक-अपत्य जोडीस एक दुवा मानला, तर मूळ वगळता प्रत्येक गाठीमागे नेमका एक दुवा येतो. अर्थात दुव्यांची संख्या गाठींच्या संख्येहून नेहमी एकाने कमी असते. हा निष्कर्ष वाचकांनी ध्यानात ठेवावा. पुढे त्याचा कसोटी म्हणून उपयोग करावयाचा आहे.

देश, राज्य, जिल्हा, तालुका, गाव ही आपली प्रशासकीय उतरंड वृक्षाचे ठळक उदाहरण होय. काही राज्यांत तालुक्यास तहसील म्हणतात, आंध्र प्रदेश व तेलंगणा या राज्यांत मंडल हा घटक आढळतो. नावे आणि थर वेगळे असले तरी रचना तीच. आपण विवेचनाच्या सोयीसाठी या विशाल वृक्षाची एकच फांदी घेऊ : मुळाशी कोकण विभाग, त्याखाली फक्त अविभक्त ठाणे जिल्हा, आणि त्याखाली त्याचे पंधरा तालुके. कोकण विभागातील इतर जिल्हे येथे सोडून दिले आहेत. तालुक्यांपुढे २०११ ची लोकसंख्या दिली आहे.

कोकण विभाग
— ठाणे (जिल्हा)
—— ठाणे (तालुका) : ३७,८७,०३६
—— कल्याण : १५,६५,४१७
—— भिवंडी : ११,४१,३८६
—— अंबरनाथ : ५,६५,३४०
—— उल्हासनगर : ५,०६,०९८
—— शहापूर : ३,१४,१०३
—— मुरबाड : १,९०,६५२
—— वसई : १३,४३,४०२
—— पालघर : ५,५०,१६६
—— डहाणू : ४,०२,०९५
—— वाडा : १,७८,३७०
—— तलासरी : १,५४,८१८
—— जव्हार : १,४०,१८७
—— विक्रमगड : १,३७,६२५
—— मोखाडा : ८३,४५३

या वृक्षात गाठी १७ आणि दुवे १६ आहेत. जिल्ह्यापुढे आणि विभागापुढे आकडा लिहिलेला नाही, हे वाचकांच्या लक्षात आले असेल. ते मुद्दाम केले आहे. जो आकडा खालच्या आकड्यांवरून काढता येतो तो लिहून ठेवू नये. लिहून ठेवला की तो केव्हातरी जुना होतो, आणि जुना झाला हे कोणास कळत नाही. मोजलेली गोष्ट पानावर लिहावी, काढलेली गोष्ट गरज पडेल तेव्हा काढावी. या पाठाचे सार याच वाक्यात आहे.

३. साधनाची ओळख

जावास्क्रिप्ट ही भाषा ब्रेंडन आइक याने १९९५ साली नेटस्केप या संस्थेत तयार केली. संकेतस्थळांची पाने चालती-बोलती करण्यासाठी ती निर्माण झाली; आज ती ब्राउझरच्या बाहेरही सर्वत्र वापरली जाते. या भाषेत याद्या आणि नोंदी ठेवण्याची सोय अंगचीच आहे. वृक्षासाठी मात्र वेगळा तयार प्रकार नाही. तो आपण रचावा, किंवा कोणी रचून ठेवलेला घ्यावा.

अशा रचून ठेवलेल्या कार्यविधींच्या संग्रहास ‘लायब्ररी’ म्हणतात. वाचनालयात जसे पुस्तक आयते मिळते, तशी येथे आज्ञावलीस लागणारी कामे आयती मिळतात. ‘ट्रीमॉडेल’ ही वृक्षासाठीची अशीच एक हलकी लायब्ररी होय. ‘हलकी’ म्हणण्याचे कारण ती मोजकीच कामे करते आणि ती समजण्यास एक दुपार पुरते. एनपीएम या सार्वजनिक भांडारात ती ‘ट्री-मॉडेल’ या नावाने ठेवलेली असून तेथून घेता येते.

तिची मुख्य कामे अशी :

‘पार्स’ — साध्या नोंदीपासून वृक्ष तयार करणे.
‘वॉक’ — सर्व गाठींवरून क्रमाने फेरी मारणे.
‘फर्स्ट’ — अट पुरी करणारी पहिली गाठ शोधणे.
‘ऑल’ — अट पुरी करणाऱ्या सर्व गाठींची यादी देणे.
‘गेटपाथ’ — मुळापासून त्या गाठीपर्यंतचा मार्ग सांगणे.
‘ॲडचाइल्ड’ — एका गाठीखाली दुसरी गाठ जोडणे.
‘ड्रॉप’ — एखादी गाठ, तिच्याखालच्या फांदीसह, जनकापासून सोडविणे.

प्रत्यक्ष आज्ञावलीत हे शब्द रोमन लिपीत लिहावयाचे असतात. येथे ते उच्चाराप्रमाणे दिले आहेत. मात्र आपण स्वतः दिलेली नावे, जसे ‘नाव’, ‘स्तर’, ‘लोकसंख्या’, देवनागरीत लिहिण्यास जावास्क्रिप्टची हरकत नाही. भाषेच्या नियमांतच ती मुभा आहे. आकड्यांना मात्र ती मुभा नाही. गणिती संख्या आंतरराष्ट्रीय अंकांतच, आणि मध्ये स्वल्पविराम न घालता लिहावी लागते. देवनागरी अंक अवतरणात लिहिले तर संगणक त्यांस अक्षरे समजतो. त्यांची बेरीज होत नाही.

४. वृक्ष रचणे

प्रत्येक स्थळाची एक नोंद करावी. नोंदीत ‘नाव’ आणि ‘स्तर’ हे दोन रकाने असावेत. तालुक्याच्या नोंदीत ‘लोकसंख्या’ हा तिसरा. ज्या नोंदीखाली इतर नोंदी आहेत, तिच्यात ‘चिल्ड्रन’ नावाचा रकाना असून त्यात त्या नोंदींची यादी असते. वर काढलेल्या आकृतीत जो उतार डाव्या बाजूच्या रेघांनी दाखविला आहे, तोच येथे यादीत यादी घालून दाखविला जातो. ही संपूर्ण नोंद ‘पार्स’ या कार्यविधीस दिली, की तो मुळाची गाठ परत देतो.

येथे एक भेद समजून घेणे अगत्याचे आहे. आपण दिलेली नोंद आणि लायब्ररीने बनविलेली गाठ या दोन निरनिराळ्या वस्तू आहेत. गाठीस आपला जनक ठाऊक असतो. नोंदीस तो ठाऊक नसतो. मूळ नोंद गाठीच्या ‘मॉडेल’ या रकान्यात जशीच्या तशी राहते. म्हणून मोखाड्याची लोकसंख्या हवी असेल तर गाठीला नव्हे, गाठीच्या ‘मॉडेल’ला विचारावी लागते.

हा भेद निष्कारण वाटेल, परंतु त्यामागे कारण आहे. वृक्ष फाइलीत साठवावयाचा झाल्यास जावास्क्रिप्टमध्ये तो ‘जेसन’ या मजकूर-रूपात उतरवून काढतात. गाठ उतरवू गेल्यास जनक अपत्याकडे आणि अपत्य पुन्हा जनकाकडे बोट दाखविते. हे वर्तुळ न संपणारे असल्याने संगणक ते काम नाकारतो. नोंदीत केवळ वरून खाली जाणारे संबंध असतात, म्हणून ती निर्वेध उतरविता येते. सारांश, साठवावे ते मुळाचे ‘मॉडेल’, गाठ नव्हे.

५. फेरीचे तीन क्रम

वृक्षातील प्रत्येक गाठीला एकदा भेट देणे यास आपण ‘फेरी’ म्हणू. ‘वॉक’ या कार्यविधीस आपण एक काम नेमून देतो. प्रत्येक गाठीपाशी ते काम होते. ते काम करणाऱ्या कार्यविधीने ‘फॉल्स’ असे उत्तर परत दिले तर फेरी तेथेच थांबते.

फेरी कोणत्या क्रमाने व्हावी हे ‘स्ट्रॅटेजी’ या पर्यायाने सांगता येते.

पहिला क्रम ‘प्री’. यात आधी जनक, मग त्याची अपत्ये. काही न सांगितल्यास हाच क्रम धरला जातो. अनुक्रमणिका छापावयाची असेल तर हा क्रम योग्य, कारण प्रकरणाचे नाव त्यातील परिच्छेदांच्या आधी यावे लागते.

दुसरा क्रम ‘पोस्ट’. यात आधी सर्व अपत्ये, मग जनक. बेरजेचे काम या क्रमाने करावे. तालुक्यांचे आकडे हाती आल्यावाचून जिल्ह्याची बेरीज होत नाही, आणि जिल्ह्यांच्या बेरजा झाल्यावाचून विभागाची होत नाही. हा क्रम तेवढीच खबरदारी घेतो.

तिसरा क्रम ‘ब्रेड्थ’, म्हणजे थराथराने. आधी विभाग, मग सर्व जिल्हे, मग सर्व तालुके. एका पातळीवरील स्थळे एकत्र पाहावयाची असतील तेव्हा तो सोयीचा.

६. बेरीज

आता ‘पोस्ट’ क्रमाने फेरी मारून प्रत्येक गाठीवर ‘बेरीज’ लिहू. नियम असा : गाठीच्या नोंदीत लोकसंख्या लिहिलेली असेल तर बेरीज म्हणजे तीच संख्या, लिहिलेली नसेल तर शून्यापासून सुरुवात करून अपत्यांच्या बेरजा मिळवीत जावे.

‘जिला अपत्य नाही तिची लोकसंख्या घ्यावी’ असा नियम केला असता तर? तोही या वृक्षात चालला असता. परंतु उद्या एखादा नवा जिल्हा जोडला आणि त्याखाली अजून एकही तालुका आला नाही, तर त्या गाठीस अपत्य नाही आणि लोकसंख्याही नाही. जावास्क्रिप्ट नसलेल्या संख्येची बेरीज करू जाते आणि ‘एनएएन’, म्हणजे ‘ही संख्याच नव्हे’, असे उत्तर देते; ते उत्तर पुढे वरच्या प्रत्येक बेरजेत शिरून सर्व वृक्ष नासविते. म्हणून प्रश्न ‘अपत्य आहे काय’ असा नसावा, ‘मोजणी लिहिली आहे काय’ असा असावा.

ही बेरीज गाठीवर लिहावी, ‘मॉडेल’मध्ये लिहू नये. मॉडेल साठविले जाते, गाठ साठविली जात नाही. काढलेला आकडा साठविल्या जाणाऱ्या नोंदीत मिसळला, की मोजलेले कोणते आणि काढलेले कोणते हा विवेक उरत नाही.

फेरी पूर्ण झाली. ठाणे जिल्ह्याच्या गाठीवर १,१०,६०,१४८ हा आकडा आला, आणि विभागाच्या गाठीवरही तोच. जनगणनेच्या आकड्याशी तो तंतोतंत जुळतो.

७. फांदी हलविणे

आता १ ऑगस्ट २०१४ चे काम करू. वसई, पालघर, डहाणू, वाडा, तलासरी, जव्हार, विक्रमगड आणि मोखाडा हे आठ तालुके नव्या जिल्ह्याखाली न्यावयाचे आहेत.

प्रथम ‘ऑल’च्या साहाय्याने या आठ गाठींची यादी करावी. यादी आधी आणि तोडणे नंतर, हा क्रम मोडू नये. फेरी चालू असतानाच गाठी तोडू लागलो तर भावंडांचे क्रमांक पायाखालून सरकतात आणि गणना चुकते.

यादी करताना नुसते नाव पाहून भागत नाही. ठाणे हे जिल्ह्याचे नाव आहे आणि तालुक्याचेही, पालघरचेही तसेच. ‘ठाणे’ या नावाची पहिली गाठ ‘फर्स्ट’ने मागितली तर जिल्हा मिळतो, तालुका मिळत नाही, कारण जनक आधी भेटतो. याहून मोठा धोका पालघरचा. पालघर जिल्ह्याची गाठ आधी जोडून मग नावावरून यादी केली, तर यादीत आठ ऐवजी नऊ गाठी येतात, आणि पालघर जिल्हा स्वतःचेच अपत्य म्हणून जोडला जातो. मग तो वृक्ष राहत नाही, त्याचे वर्तुळ होते आणि फेरी संपतच नाही. यास्तव अटीत नावाबरोबर ‘स्तर’ तालुका असावा हेही लिहावे. प्रत्यक्ष व्यवहारात प्रत्येक स्थळास स्वतंत्र सांकेतिक क्रमांक देण्याची पद्धत आहे ती याचसाठी.

यादी झाल्यावर पालघर जिल्ह्याची नवी नोंद ‘पार्स’ला देऊन तिची गाठ करावी. साधी नोंद थेट जोडू गेल्यास लायब्ररी ती स्वीकारीत नाही. तिला गाठच हवी असते. ती गाठ कोकण विभागाखाली ‘ॲडचाइल्ड’ने जोडावी. मग यादीतील प्रत्येक तालुका घेऊन आधी ‘ड्रॉप’ने ठाण्यापासून सोडवावा आणि नंतर ‘ॲडचाइल्ड’ने पालघरखाली जोडावा. तालुक्याखाली गावे असती तर तीही आपोआप बरोबर आली असती. फांदी हलविली की पाने मागे राहत नाहीत.

पुन्हा ‘पोस्ट’ फेरी मारावी. ठाणे : ८०,७०,०३२. पालघर : २९,९०,११६. कोकण विभागाच्या गाठीवर पूर्वीचाच आकडा : १,१०,६०,१४८. एकाही तालुक्याच्या नोंदीस हात न लावता दोन्ही जिल्ह्यांचे २०११ चे आकडे आपल्या हाती आले, जरी त्या वर्षी त्यांतील एक जिल्हा अस्तित्वातच नव्हता.

या आकड्यांत आणखी एक गोष्ट दिसते. मोखाडा हा डोंगराळ तालुका अविभक्त ठाण्यात दर शंभर माणसांमागे एकाहूनही कमी होता. पालघर जिल्ह्यात त्याचे प्रमाण शंभरास जवळजवळ तीन झाले. मोखाड्यात काहीच बदलले नाही. तो ज्या फांदीवर आहे ती बदलली, आणि तो दिसू लागला. तथापि नव्या जिल्ह्यातही एकट्या वसई तालुक्यात शंभरापैकी सुमारे पंचेचाळीस माणसे राहतात. म्हणून जिल्ह्याची सरासरी पाहून मोखाड्याविषयी अनुमान काढू नये. वृक्षात खाली उतरून पानापर्यंत जावे.

८. दोन जनकांचे अपत्य

आता एक चूक हेतुपुरस्सर करून पाहू. समजा, ‘ड्रॉप’ करण्याचे राहून गेले आणि आठही तालुके केवळ ‘ॲडचाइल्ड’ने पालघरखाली जोडले. ट्रीमॉडेलचे ‘ॲडचाइल्ड’ जुना दुवा आपण होऊन तोडीत नाही. ते नव्या जनकाच्या यादीत अपत्य घालते आणि अपत्यास ‘तुझा जनक हा’ असे सांगते. जुन्या जनकाच्या यादीत मात्र ते अपत्य तसेच राहते.

याचा परिणाम विचित्र होतो. मोखाड्याच्या गाठीस ‘गेटपाथ’ने मार्ग विचारला तर उत्तर येते : कोकण विभाग, पालघर, मोखाडा. उत्तर बरोबर आहे. जव्हारला विचारावे, डहाणूला विचारावे, आठही उत्तरे बरोबर येतात. तपासणारा समाधानाने उठतो. परंतु वरून फेरी मारली तर प्रत्येक तालुका दोनदा भेटतो, एकदा ठाण्याखाली आणि एकदा पालघरखाली, आणि विभागाची बेरीज १,४०,५०,२६४ येते. एकोणतीस लाख नव्वद हजार एकशे सोळा माणसे संगणकाने निर्माण केली!

खालून पाहिले तर वृक्ष निर्दोष, वरून पाहिले तर सदोष. कारण जनक-अपत्य संबंध दोन ठिकाणी लिहिलेला असतो : जनकाच्या यादीत आणि अपत्याच्या गाठीत. एकच गोष्ट दोन ठिकाणी लिहिली की त्या दोहोंत विसंगती येण्याचा संभव निर्माण होतो; मग ती गोष्ट संगणकात असो वा कचेरीतील दोन वह्यांत असो.

९. तीन कसोट्या

फांदी हलविल्यानंतर पुढील तीन कसोट्या लावाव्यात.

पहिली कसोटी, बेरजेची. ज्या मुळाखाली हलवाहलव झाली त्याची बेरीज आधी व नंतर सारखीच असली पाहिजे.

दुसरी कसोटी, दुव्यांची. दुवे गाठींहून एकाने कमी असले पाहिजेत. विभाजनानंतर गाठी १८, म्हणून दुवे १७ हवेत. वरील चुकीच्या वृक्षात वेगवेगळ्या गाठी १८ आहेत, दुवे मात्र २५ भरतात, आणि फेरीत २६ भेटी होतात.

तिसरी कसोटी, अपत्यसंख्येची. ठाण्याखाली सात आणि पालघरखाली आठ तालुके असले पाहिजेत.

तिन्ही कशासाठी, एक का पुरू नये? कारण प्रत्येक कसोटीस काही चुका दिसतात, काही दिसत नाहीत. तालुके तोडले पण जोडावयाचे राहिले, तर मुळाखाली उरलेल्या १० गाठींत ९ दुवे असतात. दुव्यांची कसोटी संतुष्ट होते, बेरजेची होत नाही. शहापूर चुकून पालघरखाली गेला, तर बेरीज आणि दुवे दोन्ही जुळतात. अपत्यसंख्या तेवढी चूक सांगते. आणि शहापूर पालघरखाली जाऊन वाडा ठाण्याखाली राहिला, तर तिन्ही कसोट्या जुळूनही वृक्ष चुकीचाच असतो. तेव्हा अधिकृत यादी समोर ठेवून नावे ताडून पाहण्यावाचून गत्यंतर नसते. संगणक बेरीज करतो. कोणता तालुका कोणत्या जिल्ह्यात, हे त्यास माणसानेच सांगावे लागते.

१०. साधनाच्या मर्यादा

पंधरा तालुक्यांसाठी लायब्ररी आवश्यकच आहे असे नाही. वृक्षाची प्रत्येक फांदी हाही वृक्षच असल्याने, स्वतःलाच पुन्हा बोलाविणारा एक लहान कार्यविधी लिहून हे काम करता येते. विद्यार्थ्यांनी एकदा तसे करून पाहावेच. लायब्ररीचा लाभ असा की जोडणे, तोडणे, शोधणे यांचे शब्द ठरलेले राहतात, आणि दुसऱ्याने लिहिलेली आज्ञावली वाचणे सुलभ होते.

याउलट, भारतातील सहा लाखांहून अधिक गावे एका वृक्षात घातली तर ‘फर्स्ट’ने गाव शोधणे संथ होते, कारण ते एकेक गाठ पाहत जाते. तेव्हा सांकेतिक क्रमांकावरून थेट गाठीकडे नेणारी एक सूची वृक्षाबरोबरच बाळगावी, जशी पुस्तकाच्या शेवटी शब्दसूची असते. मात्र गाव सापडल्यावर त्याचा मार्ग सांगण्यास वेळ लागत नाही : गाव, तालुका, जिल्हा, राज्य, देश, एवढ्या पाच पायऱ्यांत मूळ येते. लाखो पाने असूनही उंची थोडी, हा वृक्षाचा मोठा गुण होय.

आणखी एक मर्यादा काळाची. आपला वृक्ष एका वेळी एकच स्थिती दाखवितो. ३१ जुलै २०१४ चा वृक्ष आणि १ ऑगस्ट २०१४ चा वृक्ष हे दोन वृक्ष आहेत. जुन्या कोष्टकांचा अर्थ लावण्यासाठी जुना वृक्षही लागतो. म्हणून फांदी हलविण्यापूर्वी मुळाच्या ‘मॉडेल’ची दिनांकासह एक प्रत साठवून ठेवावी. नवा वृक्ष आला म्हणून जुना खोटा ठरत नाही. तो त्याच्या दिवसापुरता खराच असतो.

स्वाध्याय

१. वसई तालुका वगळून पालघर जिल्ह्याची २०११ ची लोकसंख्या काढा. उर्वरित लोकसंख्येत मोखाड्याचे प्रमाण शेकडा किती?

२. विभाजनानंतरच्या वृक्षातील गाठींची नावे ‘प्री’, ‘पोस्ट’ आणि ‘ब्रेड्थ’ या तिन्ही क्रमांनी कागदावर लिहा. कोणत्या क्रमात ‘कोकण विभाग’ सर्वांत शेवटी येतो, आणि का?

३. आपल्या राज्यातील एखाद्या जिल्ह्याचे विभाजन झाले असल्यास त्याचा आधीचा व नंतरचा वृक्ष काढा. किती गाठी हलल्या? किती नव्या निर्माण झाल्या? किती दुवे बदलले?

४. आपल्या गावच्या वाचनालयातील पुस्तकांचे वर्गीकरण वृक्षाने दाखवा. एखादे पुस्तक दोन विषयांत बसत असेल तर ‘जनक एकच’ हा नियम न मोडता त्याची सोय कशी करता येईल, याचा विचार करा.